जागलीवरचा माणूस मच्छरदाणीत कसा झोपणार?

सप्टेंबर २०२४ मधला गडचिरोलीतल्या अहेरी तालुक्यातला तो व्हिडिओ बऱ्याच जणांना आठवत असेल. दोन लहान भाऊ तापाने गेले आणि आई-वडील एकेकाचा मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून, पाण्यातून चालत गावाकडे निघालेले. पुण्यात माझ्या ओळखीच्यांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर तो आला. एक-दोन दिवस सगळे हळहळले, सरकारवर राग निघाला, आणि मग बातमीत आलं की मुलांना आधी उपचारासाठी पुजाऱ्याकडे नेलं होतं. तिथून चर्चेचा सूरच बदलला. "अंधश्रद्धा आहे हो, कोण काय करणार", "शिक्षणच नाही तिथं", "आधी त्या लोकांना जागरूक करायला पाहिजे". ती मुलं नेमकी कोणत्या तापाने गेली याबद्दल मी इथं काही म्हणत नाहीये. मला बोलायचंय ते या 'अज्ञान' नावाच्या उत्तराबद्दल, कारण आदिवासी भागातल्या मलेरियाचा विषय निघाला की पुण्यातला शिकलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तिथंच येऊन थांबतो आणि मग पुढचा विचार बंद होतो.

मी काही काळ गडचिरोलीत आरोग्याच्या एका सर्व्हेच्या कामात होते, त्यामुळं हे थोडं जवळून बघितलंय. आणि माझं मत असं झालंय की मलेरिया काय असतो हे तिथल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं, कारण त्याने तो अंगावर काढलेला असतो, बायकोला झालेला असतो, पोराला दोनदा होऊन गेलेला असतो. अडचण वेगळीच आहे. त्याचं पोट ज्या कामावर आहे ते काम, त्या कामाची वेळ, घराच्या भिंती, दवाखान्याचं अंतर, हातात रोख पैसा वर्षातून कधी येतो, हे सगळं एकमेकांत असं अडकलेलं आहे की त्यात आपला मलेरियाचा प्रोग्राम बसतच नाही. तो प्रोग्राम बनलाय दिवसा घरी सापडणाऱ्या आणि रात्री चार भिंतींच्या आत झोपणाऱ्या माणसासाठी.

आधी आकडे सांगते, कारण "मलेरिया आता राहिलाय कुठं" असंही लोक म्हणतात. देशाचा आकडा खाली आलाय हे खरंय आणि ते मोठं काम आहे, त्यात शेकडो लोकांचे कष्ट आहेत. २०१५ मध्ये देशात ११ लाख ७० हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेची सगळ्यात जास्त मलेरिया असलेल्या देशांची जी यादी होती त्यातून २०२४ मध्ये भारत बाहेर पडला. सरकारचं टार्गेट आहे की २०२७ पर्यंत देशातच लागण झालेला एकही रुग्ण नसावा आणि २०३० पर्यंत मलेरिया संपावा. सगळं छान. पण जे उरलंय ते कुठं उरलंय? आदिवासींच्या आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने जी तज्ज्ञ समिती नेमली होती तिचा रिपोर्ट २०१८ मध्ये आला, त्यात स्पष्ट लिहिलंय: लोकसंख्येत आदिवासी साधारण ८ टक्के, पण मलेरियाच्या रुग्णांत ३० टक्के, फॅल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारात ६० टक्क्यांहून जास्त आणि मलेरियाच्या मृत्यूंमध्ये जवळपास निम्मे. आपल्या राज्यात मलेरियाचे मोठे आकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात, मुंबई आणि गडचिरोली. आता मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात होती आणि अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याची पावणेअकरा लाख. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापले की ते सारखे वाटतात, पण माणशी धोका काढला तर कुठं मुंबई आणि कुठं गडचिरोलीतलं भामरागड!

आणि हे नोंदले गेलेले आकडे आहेत. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं विचारून केलेला, त्यात भारतात मलेरियाने वर्षाला अंदाजे २ लाख ५ हजार मृत्यू सत्तरीच्या आतले होतात असं निघालं, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५ हजार. त्यावर बरेच आक्षेप घेतले गेले, पद्धतीवर वाद झाले, ते वाद आपण बाजूला ठेवू. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की त्या मृत्यूंपैकी ९० टक्के ग्रामीण भागातले होते आणि ८६ टक्के कुठल्याही दवाखान्यात झालेले नव्हते. घरी, वाटेवर, शेतावर ताप येऊन माणूस गेला की रजिस्टरमध्ये मलेरिया असा शब्द येणारच कुठून? जो रक्त तपासायला पोचलाच नाही तो रुग्ण नाही आणि मेल्यावर तो मलेरियाचा मृत्यूही नाही.

एकदा हे मान्य केलं की मग प्रश्न येतो की का पोचत नाही. इथं मला कामाच्या वर्षाबद्दल बोलायचंय, कारण सगळी गोम तिथं आहे असं मला वाटतं.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम असतो, साधारण पंधरा-वीस दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे शंभर पुडे झाले की त्याचा दर. वर्षभरात घरात जो मुख्य रोख पैसा येतो तो या दिवसांत येतो, त्यातून कपडे, शाळेचं सामान, लग्न, देणी, बियाणं सगळं भागतं. लोक पहाटे तीन-चारला अंधारात निघतात, बायका-पोरं सगळी, काही जण लांबच्या जंगलात तात्पुरती झोपडी टाकून तिथंच राहतात. दुपारी पानं आणून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, द्यायचे, रात्री उघड्यावर झोपायचं. मलेरियाचा डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणजे नेमकं जेव्हा हा माणूस बाहेर असतो. मग जून-जुलैत पाऊस लागतो आणि धानाची रोवणी येते. रोवणीला आठवडा उशीर झाला तर पीक गेलं, त्यामुळं तेव्हा ताप आला तरी बाई चिखलात उभी राहतेच. पुढं धान भरायला लागला की रानडुकरांपासून राखण, म्हणजे जागल. रात्र-रात्र शेतात मचाणावर, खाली शेकोटी, अंगावर एक चादर. सरकारने दिलेली मच्छरदाणी घरी असते, आणि ती असावी, तिचा उपयोग आहे, लहान मुलं तिच्यात झोपतात. पण घरातला कमावता माणूस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कितीतरी रात्री त्या मच्छरदाणीपासून किलोमीटरभर लांब असतो. त्याला "मच्छरदाणी वापरा" हे पोस्टर दाखवून काय होणार? त्याला ते माहीत आहे. मचाणावर बांधता येईल, शेकोटीजवळ टिकेल, भिजली तर लवकर वाळेल असं काहीतरी त्याला हवंय, आणि त्याचा विचार ज्या टेबलवर व्हायला पाहिजे तिथं जागल हा शब्दच कुणाला माहीत नसतो.

आपली पुण्यातली समजूत इथं आणखी घोळ घालते. पुण्यात आपल्याला डास म्हटलं की डेंग्यू आठवतो. टाकी झाका, कुंडीतलं पाणी काढा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, बिल्डरच्या साइटवर महापालिकेची नोटीस. हे डेंग्यूच्या एडिस डासासाठी बरोबर आहे, तो घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस वेगळा. त्यातली फ्लुव्हिएटिलिस ही जात जंगल-डोंगराच्या पायथ्याच्या स्वच्छ, हळू वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठाला वाढते. क्युलिसिफेसिस ही ग्रामीण भागातली मुख्य जात धानाच्या बांध्यांमध्ये, नदीच्या पात्रातल्या डबक्यांत, कालव्यात वाढते. आता ज्या गावाच्या तिन्ही बाजूला ओढे आहेत, समोर धानाची शेती आहे, बाजूला बोडी म्हणजे छोटं तळं आहे, त्या गावाला "परिसर स्वच्छ ठेवा, पाणी साचू देऊ नका" सांगून आपण नेमकं काय सांगतो? जंगल पुसून टाका? माडिया आदिवासींची गावं आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असतात, सारवलेलं अंगण, झाडलेली वाट. तिथल्या मलेरियाचा घाणीशी संबंधच नाही, तरी "अस्वच्छतेमुळे होतो" हे वाक्य अजून भिंतींवर रंगवलेलं असतं आणि त्यातून आजारी माणसालाच दोषी ठरवलं जातं.

फवारणीचंही तेच. घराच्या आतल्या भिंतींवर औषध मारायचं, डास भिंतीवर टेकला की मरतो, शास्त्र बरोबर आहे. पण भिंती कुडाच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून मातीचं लिंपण. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी फट. सणाच्या आधी घर लिंपायचं असतं, ते लिंपलं की औषध मातीखाली गेलं. फवारणीची टीम येते दिवसा दहा ते चारमध्ये, घराला कडी, माणसं रानात. जे घरी असतात त्यांना सगळं सामान, धान्याच्या कणग्या बाहेर काढायला सांगतात, वास येतो, भिंतीवर पांढरे डाग पडतात, काही ठिकाणी लोक सांगतात की ढेकूण वाढले. मग एखादा म्हणतो गोठ्यात मारा, देवघरात नको. रजिस्टरमध्ये 'नकार' अशी नोंद होते. हा नकार म्हणजे अज्ञान अशी आपली समजूत. मला विचाराल तर दहा मिनिटं बसून सणाची तारीख विचारून घेतली असती आणि लिंपण झाल्यावर टीम पाठवली असती तर निम्मे नकार आलेच नसते.

आता गोळ्या. "ते लोक गोळ्या पूर्ण घेत नाहीत." हे डॉक्टरांकडूनही ऐकलंय. व्हायवॅक्स मलेरियामध्ये परजीवी यकृतात लपून राहतो आणि पुन्हा उलटतो, त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. ताप उतरतो तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी माणूस कामाला जातो. आपण स्वतः काय करतो? सदाशिव पेठेत काय किंवा बाणेरला काय, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी सोडणारी कितीतरी डिग्रीवाली घरं मला माहीत आहेत, तिथं आपण अज्ञान म्हणत नाही, "राहून गेलं" म्हणतो. त्यात आणखी एक गोष्ट, मलेरियाचीच दुसरी गोळी, क्लोरोक्विन, उपाशीपोटी घेतली की मळमळतं, उलटी होते, आणि पावसाळ्यात घरात धान्य संपत आलेलं असतं. शिवाय काही आदिवासी समाजांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता जास्त आढळते, अशा माणसाला प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटून लघवी काळपट होऊ शकते. ही तपासणी गावात होत नाही. कुणाच्या चुलत भावाला असं झालेलं असेल आणि त्यानंतर टोल्यावरची, म्हणजे त्या छोट्या वस्तीवरची, माणसं त्या गोळीला घाबरत असतील तर त्या भीतीला आधार आहे, ती आपण ऐकून घ्यायला पाहिजे. ती ऐकायला कुणीतरी माडिया किंवा गोंडी बोलणारं लागतं. डॉक्टर मराठीत विचारतो, बाई मान हलवते, आणि कागदावर लिहिलं जातं "समजावून सांगितले".

पुजाऱ्याचं पण बोलून टाकते, कारण सगळे तिथंच अडतात. पुजारी गावात आहे. रात्री दोनला आहे. त्याची भाषा तीच आहे. पैसे नसले तरी चालतं, नंतर कोंबडी दिली तरी चालतं. तो पेशंटच्या शेजारी बसतो, घरच्यांना ओळखतो. उलट उपकेंद्र असतं काही किलोमीटरवर, मध्ये नाला, पावसाळ्यात नाल्याला पूर, आणि पोचल्यावर नर्सताई दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेलेली. भामरागडसारखं तालुक्याचं गाव दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटतं, तिथं आतल्या टोल्यांची काय कथा. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे उपकेंद्र आणि २० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, मैदानी भागात तोच ५ हजार आणि ३० हजार आहे, म्हणजे कागदावर सूट दिलेली आहे. पण हा निकष माणसं मोजतो, अंतर मोजत नाही. जिथं तीन हजार माणसं वीस-पंचवीस टोल्यांत जंगलभर पसरलेली आहेत तिथं एक उपकेंद्र म्हणजे बहुतेकांसाठी चालत अर्धा दिवस. फॅल्सिपेरममध्ये आजार एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊन लहान मूल हाताबाहेर जाऊ शकतं. मग त्या आईने आधी जवळच्या माणसाकडे जाणं हा तिच्या हिशोबाने बरोबर निर्णय आहे. तो पुजारी रॅपिड किट वापरायला शिकला आणि पहिला डोस द्यायला शिकला तर मला काहीही आक्षेप नाही. बोट टोचून एक थेंब रक्त, वीस मिनिटांत उत्तर. आशाताई हे करतातच, आणि केंद्राच्या नियमात कित्येक वर्षं त्यांना रक्ताच्या एका नमुन्यामागे १५ रुपये धरलेले आहेत. पुण्यात एका वडापावला यापेक्षा जास्त पडतात. एवढ्या पैशात तिने रात्री ओढा ओलांडून दुसऱ्या टोल्यावर जावं ही अपेक्षा आपण करतो आणि मग "आशा काम करत नाहीत" असा शेराही मारतो.

पैशाचं गणित सगळ्यात कमी बोललं जातं. मलेरियाची गोळी फुकट आहे, तपासणी फुकट आहे, म्हणून आजार फुकट आहे असं आपण धरतो. तापाचे आठ-दहा दिवस गेले म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी गेली, आणि ते तेंदूचे किंवा रोवणीचे दिवस असतील तर वर्षाचं गणित गेलं. सोबत जाणाऱ्याचीही मजुरी गेली. सरकारी ठिकाणी दोनदा जाऊन कुणी भेटलं नाही की माणूस तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या बोगस डॉक्टरकडे जातो, तो सलाइन लावतो, इंजेक्शन देतो, उधारीवर देतो, उधारी फेडायला पुढच्या हंगामाची मजुरी आधीच विकली जाते. हातात पैसा नाही म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून अंगात रक्त कमी, गरोदर बाईला मलेरिया झाला की रक्त आणखी कमी, बाळ कमी वजनाचं, आणि तेच बाळ पुढच्या पावसाळ्यात तापाला बळी पडायला तयार. गरिबीमुळे मलेरिया की मलेरियामुळे गरिबी हे वेगळं काढताच येत नाही, आणि म्हणूनच फक्त आरोग्य खात्यावर हे सोडून भागत नाही.

बरं, हे सगळं आवाक्याबाहेरचं आहे का? मला हे मान्य नाही, कारण शेजारच्या राज्यांनी करून दाखवलंय. ओडिशात २०१७ मध्ये 'दमन' नावाने दुर्गम भागासाठी मोहीम सुरू झाली. ताप येईल, माणूस दवाखान्यात येईल, मग बघू, ही वाट न बघता वर्षातून ठरलेल्या वेळी टीमनेच पाड्यावर जायचं, लहान-थोर सगळ्यांचं रक्त तपासायचं, ताप नसला तरी पॉझिटिव्ह असेल त्याला औषध द्यायचं, सोबत मच्छरदाण्या, फवारणी, गरोदर बायका आणि मुलांचं पोषण बघायचं. २०१६ मध्ये ओडिशात ४ लाख ४० हजारांहून जास्त रुग्ण होते, २०१९ मध्ये ते ४० हजारांच्या आसपास आले. त्याच वर्षांत मोठ्या प्रमाणावर मच्छरदाण्याही वाटल्या गेल्या, त्यामुळं सगळं श्रेय एकट्या तपासणीला देता येणार नाही, पण लोक तेच होते, जंगल तेच होतं, अंधश्रद्धा म्हणता तर ती पण तीच होती. छत्तीसगडने २०२० मध्ये बस्तरमध्ये असंच घरोघरी तपासणीचं काम काढलं आणि पहिल्या फेरीत जे पॉझिटिव्ह आले त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना काही त्रासच नव्हता. वारंवार मलेरिया होऊन अंगाला थोडी सवय झालेली असते, परजीवी रक्तात असतो पण ताप येत नाही, आणि डास त्याच्याकडून घेऊन दुसऱ्याला देत राहतो. तापाची वाट बघणाऱ्या पद्धतीला हे लोक कधीच दिसणार नाहीत, कितीही जागृती करा.

पण आणखी एक शिकायचंय, की हे काम एकदा करून सोडून देता येत नाही. याचा मोठा धडा देशाला आधीच मिळालाय. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, साठच्या दशकाच्या मध्यात रुग्ण लाखाच्या आसपास आले, सगळ्यांना वाटलं संपलं, लक्ष उडालं, पैसे आटले, डास डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये नोंदलेले रुग्ण ६४ लाखांवर गेले. आत्ता आपण पुन्हा त्याच वळणावर आहोत. आकडा छोटा झालाय, आणि उरलेले रुग्ण अशा ठिकाणी आहेत जिथला आवाज मुंबई-पुण्यापर्यंत येत नाही.

म्हणून मला वाटतं की निर्णयाचा आणि पैशाचा काही भाग ग्रामसभेकडे जायला हवा, आणि हे मी भावनेपोटी म्हणत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून गाव स्वतः बांबू विकायला लागलं. नंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हातात घेतला. ज्या ग्रामसभेच्या खात्यात स्वतःचे पैसे आहेत ती ठरवू शकते की यंदा फळीवरच एक पोरगी किट घेऊन बसेल, तापाच्या माणसाला नेण्यासाठी गाडीचं भाडं ग्रामसभा देईल, जागलीला जाणाऱ्यांना पांघरायला औषध लावलेल्या चादरी घेऊ. वनहक्काचा दावा मंजूर होणं ही मलेरियाविरोधातली गोष्ट आहे हे आरोग्य खात्याच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, आणि आदिवासी विकास खात्याच्या मीटिंगमध्ये मलेरिया येत नाही. खाणीच्या ट्रकसाठी रस्ता करायचा ठरला की सगळी खाती एकत्र बसतात, तापासाठी पण बसू शकतात.

पुण्याचा यात काय संबंध असं कुणी विचारेल. राज्याचं हिवतापाचं सहसंचालक कार्यालय पुण्यात आहे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे. गडचिरोली इथून नऊशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथल्या गोळ्या-किट-फवारणीचे बरेच कागद या शहरातून जातात. आर-ट्वेंटीवन ही मलेरियाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, ऑक्सफर्डबरोबर तयार केलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला शिफारस दिली आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळतेय, याचा मला एक पुणेकर म्हणून मनापासून अभिमान आहे. पण लस आली की आपल्याकडचं सगळं सुटेल असं समजणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जिथं वीस मिनिटांचं किट आणि तीन दिवसांच्या गोळ्या वेळेवर पोचत नाहीत तिथं लसीचे चार डोस थंड साखळीत कोण पोचवणार? अडलंय ते शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये.

डॉक्टरांचा प्रश्न तर थेट आपल्या घरातला आहे. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे असा बाँड आहे, आणि दंड भरून सुटणारे कमी नाहीत. एखाद्या मुलीने स्वतःहून गडचिरोलीतलं एटापल्ली मागितलं तर घरचेच म्हणतात, वेडी का तू, पीजीची तयारी कर. मी त्या आईबापांना नावं ठेवत नाही, तिथं राहायला धड क्वार्टर नसतं, सुरक्षेची काळजी असते, नेटवर्क नसतं. पण मग ते क्वार्टर, ती सुरक्षा, पीजीला मिळणारे जास्तीचे मार्क यासाठी आपण मागणी करायला हवी, कारण आपल्या आवाजाला वजन आहे. आणि जे आदिवासी मजूर आपल्याच शहरात बांधकामावर, वीटभट्टीवर येतात, कातकरी, भिल्ल, पावरा, त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये ताप आला तर रक्त कोण तपासतं हेही विचारायला हवं. साइटवर डासाच्या अळ्या सापडल्या म्हणून दंड होतो, तिथं झोपणाऱ्या माणसाची तपासणी मात्र कुणाच्या कामाच्या यादीत नसते.

माझी मागणी एकाच आकड्याची आहे. किती मच्छरदाण्या वाटल्या, किती घरं फवारली, किती जनजागृती मेळावे घेतले हे आकडे ठेवा बाजूला. ताप आल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती तास गेले, हे प्रत्येक टोल्यासाठी दर महिन्याला मोजा, ग्रामसभेत तिच्या भाषेत वाचून दाखवा आणि पुण्याच्या कार्यालयातही भिंतीवर लावा. हा आकडा चोवीस तासांच्या वर गेला तर लोकांना दोष न देता तिथं कोण नव्हतं, काय संपलं होतं ते शोधा. तेंदूचा हंगाम मे महिन्यात लागतो. त्यासाठी किट आणि गोळ्या एप्रिल संपायच्या आत फळीपर्यंत पोचायला हव्यात, म्हणजे खरेदीची फाइल इथून जानेवारीतच हलली पाहिजे.